मेंदूच्या नकाशातील सीमारेषा : तालेराक–तूर्नू अ‍ॅटलासची चिकित्सा

प्रस्तावना :

मानसशास्त्र, भाषाविज्ञान व शिक्षणशास्त्र या विषयांतील लेखनात ‘मेंदूचा अमुक भाग सक्रिय झाला’ हे विधान आज सर्रास आढळते. मात्र त्या भागाची सीमा कोणी आणि कशाच्या आधारे आखली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मेंदूच्या पृष्ठभागावर वळ्या आणि त्यांमधील खाचा दिसतात; विभागांच्या रेषा संशोधक आखतो. प्रस्तुत लेखात झां तालेराक व पिएर तूर्नू यांच्या १९८८ मधील अ‍ॅटलासच्या अनुषंगाने या प्रश्नाचा विचार केला आहे.

एका मेंदूवरून सर्वांचा नकाशा :

जर्मन शास्त्रज्ञ कोर्बिनियन ब्रोडमान यांनी १९०९ मध्ये मेंदूच्या बाह्यकाचे विभाग प्रसिद्ध केले. ऊतकाचे पातळ काप रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली पेशींच्या थरांची रचना तपासून त्यांनी ते ठरवले होते. त्यांची क्रमांकपद्धती ५२ पर्यंत जाते व आजही प्रचलित आहे.

तालेराक व तूर्नू यांचा अ‍ॅटलास एका साठ वर्षांच्या स्त्रीच्या मरणोत्तर मेंदूवर आधारलेला आहे. मेंदूतील दोन निश्चित खुणांमधून जाणारी रेषा आधाराला घेऊन प्रत्येक बिंदूला तीन निर्देशांक देण्याची त्यांची पद्धत शस्त्रक्रियेच्या दृष्टीने मोलाची होती. त्यांनी नकाशावर ब्रोडमानचे क्रमांकही घातले. परंतु या मेंदूची सूक्ष्मदर्शकीय तपासणी झालेली नव्हती. ब्रोडमानच्या चित्राशी पृष्ठभागाची तुलना करून ते क्रमांक अंदाजाने बसवले होते. या स्थानांतरणात अनिश्चितता असल्याचे ग्रंथकर्त्यांनी स्वतःच नमूद केले होते. पुढील काळातील अनेक संशोधकांनी क्रमांक घेतले आणि ही सूचना मात्र मागे ठेवली. त्यामुळे येथे दोष ग्रंथाचा कमी आणि त्याच्या वापराचा अधिक आहे.

सरासरी व खाचा यांच्या मर्यादा :

एका मेंदूची मर्यादा ओलांडण्यासाठी मॉन्ट्रियल न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूटने प्रथम ३०५ व नंतर १५२ व्यक्तींच्या एमआरआय प्रतिमांची सरासरी काढून साचे तयार केले. मात्र सरासरीत व्यक्तिगत वळ्या पुसट होतात. शिवाय हे साचे तालेराकच्या मेंदूपेक्षा आकाराने मोठे असल्याने एकातील निर्देशांक दुसऱ्यात जसेच्या तसे वापरता येत नाहीत. २००२ मध्ये आलेल्या ‘एएएल’ या बहुप्रचलित नकाशात ११६ विभाग आहेत. त्याचा आधार एकाच व्यक्तीच्या २७ स्कॅनची सरासरी हा आहे.

खाचांवरून सीमा ठरवणे सोयीचे असते, कारण त्या एमआरआयमध्ये दिसतात. परंतु काटरिन आमुंट्स व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दहा मेंदूंतील ब्रोका क्षेत्राचा अभ्यास केला, तेव्हा पेशीरचनेच्या सीमा आणि खाचा यांचा मेळ प्रत्येक मेंदूत सारखा बसत नसल्याचे दिसले. डोंगराची धार म्हणजे तालुक्याची हद्द असेलच असे नाही. तसेच हे आहे.

मॅथ्यू ग्लासर व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २१० निरोगी तरुणांच्या प्रतिमांवरून प्रत्येक गोलार्धात १८० क्षेत्रे निश्चित केली. रचना, कार्य, जोडणी अशा अनेक निकषांचा एकत्रित वापर हे या नकाशाचे बलस्थान आहे. तथापि, निकष बदलले की विभागांची संख्याही बदलते, हेच त्यातून पुन्हा स्पष्ट होते.

व्याख्येचे परिणाम :

हा वाद केवळ नावांपुरता नाही. अल्झायमर विकाराच्या संशोधनात हिप्पोकॅम्पसचे आकारमान महत्त्वाचे मानले जाते. त्याची कड कोठे संपते याविषयी प्रयोगशाळांत एकमत नसल्यास एकाच रुग्णाचे माप दोन ठिकाणी वेगळे येईल. हिप्पोकॅम्पसच्या उपविभागांसाठी वापरल्या जाणाऱ्या २१ पद्धतींची २०१५ मध्ये तुलना झाली, तेव्हा त्यांत लक्षणीय मतभेद आढळले. म्हणूनच सामाईक व्याख्या ठरवण्याचे आंतरराष्ट्रीय प्रयत्न सुरू झाले.

भारतीय संदर्भातही हा प्रश्न उपस्थित होतो. हैदराबादच्या आयआयआयटीतील संशोधकांनी २०१९ मध्ये शंभर भारतीय तरुण-तरुणींच्या प्रतिमांवरून स्वतंत्र अ‍ॅटलास सादर केला. परदेशी साच्यांशी तुलना करता त्यातील सरासरी मेंदूचे आकारमान वेगळे आढळले. तो शंभर तरुणांचा असल्याने वृद्ध रुग्णांना लावताना सावधगिरी आवश्यक आहे, हेही ध्यानात घ्यावे लागते.

समारोप :

सामाईक नकाशाशिवाय दोन अभ्यासांची तुलनाच अशक्य झाली असती. तालेराक–तूर्नू यांचे हे ऋण मान्य केलेच पाहिजे. परंतु विभागाचे नाव हा निसर्गाचा निवाडा नसून संशोधकाचा निर्णय असतो. म्हणून शोधनिबंधात वापरलेला अ‍ॅटलास, त्याची आवृत्ती व सीमेचा निकष नोंदवणे, विभाग विदा पाहण्यापूर्वी निश्चित करणे आणि दुसऱ्या नकाशावरही निष्कर्ष टिकतो काय हे तपासणे अगत्याचे आहे. असे संशोधन अभ्यासक्रमात वा प्रबंधात आधाराला घेणाऱ्या प्राध्यापकांनीही निष्कर्षाआधी ‘पद्धती’ हा भाग वाचावा. सीमा कशी आखली हे तेथे सांगितलेले नसेल, तर ‘अमुक भाग सक्रिय झाला’ या विधानाचा अर्थ अपुराच राहतो.