यूच्या काड्या आणि तेरा महिन्यांचे पंचांग

केल्टिक वृक्ष-भविष्य नावाचा एक प्रकार गेल्या काही दशकांत इंग्रजी पुस्तकांतून बराच फैलावला आहे. लाकडाच्या काड्यांचा एक संच असतो. प्रत्येक काडीवर काही रेघा, रेघांच्या प्रत्येक गटाला एका झाडाचे नाव आणि त्या झाडाला एक अर्थ. पिशवीत हात घालून काडी काढायची आणि सोबतच्या पुस्तिकेत आपले भविष्य पाहायचे. विसावी काडी यू या झाडाची. तिचा अर्थ मृत्यू आणि पुनर्जन्म. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ड्रुइड पुरोहितांचे हे ज्ञान आहे, असे सांगितले जाते.

काडीवरून भविष्य कळते की नाही, हा प्रश्न आम्ही येथे घेत नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. हे ज्ञान प्राचीन आहे, हे विधान तपासता येते का? येते, आणि ते कसे तपासायचे हे पाहणे शिक्षकांना उपयोगी पडेल असे आम्हांला वाटते. कारण ‘हे फार जुने आहे, म्हणून खरे आहे’ हा युक्तिवाद वर्गात नेहमीच समोर येतो. बहुतेक वेळा आपण त्यातील ‘म्हणून’वर आक्षेप घेतो. ‘जुने आहे’ हा भाग मात्र न तपासताच मान्य करून टाकतो.

दगड काय सांगतात?

काड्यांवरच्या रेघा म्हणजे आयर्लंडची ओघम लिपी. ती खरोखर जुनी आहे. मूळ अक्षरे वीस, पाच-पाचांचे चार गट. दगडाची कड हीच मधली रेषा धरायची आणि तिच्या एका बाजूला, दुसऱ्या बाजूला किंवा तिला छेदून एक ते पाच खाचा पाडायच्या. अशा सुमारे चारशे शिला आज ज्ञात आहेत. बहुतेक आयर्लंडच्या दक्षिण भागात, विशेषतः केरी आणि कॉर्क परगण्यांत आहेत; काही वेल्स, कॉर्नवॉल, स्कॉटलंड आणि आइल ऑफ मॅन येथे. काळ साधारण इसवी सनाच्या चौथ्या ते सातव्या शतकाचा.

या शिलांवर काय लिहिले आहे? भविष्य नाही, मंत्र नाही आणि झाडांविषयीही काही नाही. आहेत ती माणसांची नावे. ‘अमक्याचा, तमक्याच्या मुलाचा’ अशी षष्ठी विभक्तीतली नावे. ‘दगड’ हा शब्द अध्याहृत. ‘मुलाचा’ या अर्थी तेथे ‘मक्वी’ असा शब्द येतो. आजच्या आयरिश आणि स्कॉटिश आडनावांतला ‘मॅक’ तो हाच. या शिला काही ठिकाणी स्मारके असाव्यात, काही ठिकाणी जमिनीवरच्या हक्काच्या खुणा. आयरिश भाषेचे सर्वांत जुने लेखन ते हेच.

मग झाडे आली कुठून?

ओघमच्या प्रत्येक अक्षराला एक नाव आहे. त्यांतली काही नावे झाडांची आहेत, यात शंका नाही. पहिले अक्षर ‘बेथ’ म्हणजे बर्च. त्याखेरीज आल्डर, विलो, ओक, हेझल ही झाडेही सापडतात. पण ‘गोर्त’ म्हणजे शेत, ‘मुइन’ म्हणजे मान, ‘हुआथ’ म्हणजे भीती. आयरिश अभ्यासक दामियन मॅकमानस यांनी १९९१ च्या आपल्या ग्रंथात सर्व नावांची भाषाशास्त्रीय छाननी केली. त्यानुसार वीसपैकी जास्तीत जास्त आठ नावे झाडांची ठरतात.

उरलेल्या अक्षरांना झाडे चिकटवली ती मध्ययुगातल्या आयरिश पंडितांनी. सुमारे १३९० च्या ‘बुक ऑफ बॅलीमोट’ या हस्तलिखितात ओघमविषयी एक प्रकरण आहे. त्यात झाडांची यादी आहे, तशीच पक्ष्यांची आहे, रंगांची आहे, नद्यांची आहे, किल्ल्यांचीही आहे. ‘ब’साठी ब-ने सुरू होणारा पक्षी, ब-ने सुरू होणारी नदी, असा हा सारा प्रकार. झाडांच्या यादीवरून वृक्षधर्म सिद्ध होत असेल, तर किल्ल्यांच्या यादीवरून काय सिद्ध होईल?

आपल्या पहिलीच्या वर्गातला मुळाक्षरांचा तक्ता आठवावा. ‘अ’ अननसाचा. आणखी हजार वर्षांनी कोणाला हा तक्ता सापडला आणि मराठी लोक अननसाची पूजा करीत असा निष्कर्ष त्याने काढला, तर आपण हसू. शिवाय अननस मूळचा आपला नाहीच. तो दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आला. गंमत म्हणजे ओघमच्या यादीतही असेच आहे. ‘मुइन’ला द्राक्षवेल जोडलेली आहे आणि द्राक्षवेल आयर्लंडमधली नैसर्गिक वनस्पती नव्हे. पंडितांनी ती ग्रंथांतून घेतली असणार, रानातून नव्हे.

कवीचे पंचांग

झाडांच्या या यादीचे पंचांग केले ते रॉबर्ट ग्रेव्ह्ज या इंग्रज कवीने, ‘द व्हाइट गॉडेस’ या १९४८ च्या ग्रंथात. पंधरा व्यंजनांपैकी तेरा घेऊन त्याने २८ दिवसांचे तेरा महिने बनवले. १३ गुणिले २८ म्हणजे ३६४. उरलेला एक दिवस वेगळा ठेवला. पाच स्वरांना वर्षातील संधिकाल दिले. त्यात यूच्या वाट्याला वर्षाचा शेवट आला. आजच्या काड्यांच्या पुस्तिकांतले झाडांचे महिने मुख्यतः येथून आलेले आहेत.

हे पंचांग चांद्र म्हणून सांगितले जाते. विद्यार्थ्यांना ते तपासू द्यावे. अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचा काळ सरासरी २९.५३ दिवसांचा. महिना २८ दिवसांचा धरला, तर चंद्र दर महिन्याला दीड दिवस मागे पडतो. पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी अमावास्या असेल, तर नऊ-दहा महिन्यांनी महिन्याची सुरुवात पौर्णिमेच्या आसपास होईल. आकाशाकडे पाहणारा कोणताही पुरोहित असे पंचांग एक वर्षसुद्धा चालवू शकणार नाही.

केल्टिक लोकांचे एक खरे पंचांग उपलब्ध आहे. फ्रान्समधील कोलिन्यी येथे १८९७ मध्ये एका काशाच्या पत्र्याचे तुकडे सापडले. काळ साधारण इसवी सनाचे दुसरे शतक. त्यात पाच वर्षांचे ६२ महिने कोरलेले आहेत. महिने २९ किंवा ३० दिवसांचे. पाच वर्षांत बारा-बारा असे साठ महिने आणि वर दोन जादा, म्हणजे आपल्या अधिक मासाचीच युक्ती. हिशेब करून पाहा : ६२ चांद्रमास म्हणजे सुमारे १८३१ दिवस, पाच सौरवर्षे म्हणजे सुमारे १८२६. फरक पाच दिवसांचा. हे पंचांग गॉल प्रदेशातले आहे, आयर्लंडचे नव्हे, हे खरे. पण आकाश पाहणारे लोक कसे पंचांग करतात ते त्यातून कळते. झाडांचे तेरा महिने त्यात नाहीत.

ग्रेव्ह्जवर अन्याय होऊ नये. ग्रंथाच्या उपशीर्षकातच त्याने काव्यात्म पुराणकथेचे व्याकरण असे म्हटले होते. कवीच्या कल्पनाशक्तीचा दस्तऐवज म्हणून तो ग्रंथ अजून वाचण्यासारखा आहे. मात्र त्याच उपशीर्षकात ‘ऐतिहासिक’ हा शब्दही होता, आणि आमचा आक्षेप त्या शब्दाला आहे.

यूची बाजू

आता यूचे काय? येथे आम्हांला थोडे थांबले पाहिजे, कारण वीस झाडांत यूचा दावा सर्वांत बळकट आहे. विसाव्या अक्षराचे मूळ नाव यूवरूनच आले असावे, असे भाषातज्ज्ञांचे मत आहे. जुन्या आयरिश कूटवर्णनांत या अक्षराला सर्वांत वृद्ध वृक्ष म्हटले आहे. आणि एतीन या राजस्त्रीच्या प्राचीन कथेत, ती नाहीशी झाल्यावर दलान नावाचा ड्रुइड यूच्या चार काड्यांवर ओघम लिहून तिचा ठावठिकाणा शोधतो. म्हणजे यूच्या काड्यांची कल्पना आजच्या पुस्तिकावाल्यांनी शून्यातून काढलेली नाही. पण ती कथा आहे. तीत वीस झाडे नाहीत, अर्थांची यादी नाही आणि महिनेही नाहीत. एका कथेतल्या एका प्रसंगावर एवढी मोठी इमारत उभी राहत नाही.

मृत्यू आणि पुनर्जन्म या अर्थासाठी तर पुरोहितांची गरजच नाही. झाडाकडे पाहिले तरी पुरे. यूची (टॅक्सस बकाटा) पाने, साल, बिया सर्व विषारी. बीभोवतीचा लाल गर तेवढा नाही. टॅक्सीन हे त्यातले विष हृदयाची क्रिया बंद पाडते. एब्युरोनिस जमातीचा राजा कातुवोल्कस याने यूच्या विषाने जीव दिला, अशी नोंद ज्युलियस सीझरने केली आहे. दुसऱ्या बाजूला हे झाड सदाहरित आहे आणि त्याचे खोड पोकळ झाले तरी नवे फुटवे येत राहतात. स्कॉटलंडमधील फॉर्टिंगॉल येथील यू कित्येक शतके जुना आहे. पण गाभाच उरला नसल्याने वलये मोजता येत नाहीत आणि वयाचे अंदाज फार वेगवेगळे आहेत. २०१५ मध्ये या नरवृक्षाच्या एका फांदीवर मादीची फळे धरलेली आढळली. असे झाड कोणत्याही समाजाला मृत्यू आणि जीवन यांची आठवण करून देईल.

येथे एक आधुनिक पुरावाही पुढे केला जातो. कर्करोगावरील टॅक्सॉल हे औषध यूच्याच कुळातले. म्हणजे मृत्यूच्या झाडात जीवन आहे, हे ड्रुइडांना ठाऊकच होते! प्रत्यक्षात काय झाले? अमेरिकेत हजारो वनस्पतींची सरसकट चाचणी चालू होती. तीत १९६२ मध्ये पॅसिफिक यूची साल गोळा झाली. रेणूची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली, पेशीविभाजन रोखण्याची त्याची पद्धत १९७९ मध्ये कळली आणि औषधाला मान्यता मिळाली १९९२ मध्ये. या तीस वर्षांत कोणीही काडी काढून पाहिली नाही. प्रतीक खरे ठरल्यासारखे वाटते ते मागाहून, उत्तर हाती आल्यावर.

आमचा खरा आक्षेप शेवटी सांगतो. काड्यांच्या खेळाने फारसे कोणाचे बिघडत नाही, असे म्हणता येईल. पण त्या खेळाखाली केरीच्या पावसात उभे असलेले दगड झाकले जातात. दीड हजार वर्षांपूर्वी कोणीतरी दगडाच्या कडेवर खाच पाडून आपल्या बापाचे नाव लिहिले. ते वाचता यावे म्हणून अभ्यासकांनी पिढ्यान्पिढ्या कष्ट घेतले. ती नावे सोडून आपण तेथे आपलेच भविष्य वाचू लागलो, तर त्या माणसाचे म्हणणे दुसऱ्यांदा पुसले जाते. ‘हे प्राचीन आहे’ असे कोणी म्हणाले, की विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारावेत : सर्वांत जुना पुरावा कोणता, तो कोणत्या काळचा, आणि त्यात नेमके काय लिहिले आहे? आपल्या अभिमानाच्या गोष्टींनाही हेच तीन प्रश्न विचारण्याची त्याची तयारी झाली, तर शिक्षकाचे काम झाले.