तीन बाटल्या आणि प्रबंधाचं शेवटचं वाक्य

पवना किंवा इंद्रायणीच्या पाण्यावर काम करायचं तुमच्या मनात असेल, तर आधी त्याच विषयावरचे चार-पाच जुने एमएस्सी प्रबंध काढा. प्रस्तावना राहू द्या, थेट निष्कर्षाचं पान उघडा. बहुतेक ठिकाणी एकच वाक्य थोड्याफार फरकाने सापडेल: घरगुती आणि औद्योगिक सांडपाण्यामुळे नदी प्रदूषित झाली आहे.

आता मागे जाऊन तक्ते बघा. तीन ठिकाणं: वरचं, मधलं, खालचं. तीन ऋतू. पीएच, टीडीएस, कठीणपणा, क्लोराइड, विरघळलेला ऑक्सिजन, बीओडी. यातला कुठला आकडा 'औद्योगिक' हा शब्द सिद्ध करतो? माझ्या मते एकही नाही. माझ्या स्वतःच्या एमएस्सीच्या प्रबंधातही हेच वाक्य आहे आणि व्हायवाला कोणी त्यावर बोट ठेवलं नाही. म्हणून ही टीका आधी माझ्यावर, मग बाकीच्यांवर.

नदी स्वच्छ आहे असं मी म्हणत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत पवना, इंद्रायणी आणि मुळा तिन्ही आहेत. अंघोळीच्या पाण्यात बीओडी लिटरला 3 मिलिग्रॅमच्या आत असावा असा निकष आहे आणि आळंदीचा फेस तर सगळ्यांनी पाहिलाय. म्हणजे 'नदी प्रदूषित आहे' हे आपल्याला काम सुरू करायच्या आधीच माहीत होतं. वर्षभर बाटल्या भरून तिथेच परत यायचं असेल तर संशोधन नेमकं काय केलं?

तीन चुका मला पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली: पाणी किती वाहत होतं, हे कुणी मोजतच नाही. 'पावसाळ्यात प्रदूषण कमी आढळले' हे वाक्य घ्या. समजा, उन्हाळ्यात बीओडी 20 मिलिग्रॅम आहे आणि प्रवाह सेकंदाला 2 घनमीटर. पावसाळ्यात बीओडी 5 वर आला, पण प्रवाह 50 घनमीटर झाला. गुणाकार करा. उन्हाळ्यात नदी दिवसाला साधारण साडेतीन टन बीओडी वाहून नेते, पावसाळ्यात साडेएकवीस टनांच्या वर. बाटलीतलं प्रमाण घटलं, भार मात्र सहापट झाला. नाल्यांत आणि रस्त्यांवर साठलेली घाण पावसाने नदीत आणली, तर 'प्रदूषण कमी' म्हणायचं का?

पवनेच्या बाबतीत हे आणखी अवघड आहे. धरणातून सोडलेलं पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून पिंपरी-चिंचवड महापालिका ते शहरासाठी उचलते. त्यामुळे उन्हाळ्यात बंधाऱ्याच्या खाली जे वाहतं, त्यात शहराने परत सोडलेल्या पाण्याचा वाटा मोठा असतो. तुमची 'वरची' बाटली धरणाच्या पाण्याची आणि 'खालची' बरीचशी नाल्यांच्या पाण्याची. दोन्हींतला फरक नुसता घाण मिसळल्याचा नाही, चांगलं पाणी काढून घेतल्याचाही आहे. आणि हा फक्त तांत्रिक मुद्दा नाही. धरणातून बंद जलवाहिनीने शहराला पाणी न्यायच्या योजनेविरुद्ध मावळातल्या शेतकऱ्यांनी आंदोलन केलं, त्यावर 9 ऑगस्ट 2011 ला द्रुतगती मार्गावर बऊरजवळ गोळीबार झाला आणि तीन शेतकरी गेले. नदीत किती पाणी राहतं या प्रश्नावर इथे माणसं मेली आहेत. आपल्या प्रबंधात प्रवाहाचा साधा रकानाही नसतो.

दुसरी: घाण कुणाची, हे न तपासता नाव घेतलं जातं. बीओडीवर कुणाचा पत्ता लिहिलेला नसतो. तो सोसायटीच्या ड्रेनेजचा असेल, कंपनीच्या कॅन्टीनचा किंवा एखाद्या रासायनिक प्रक्रियेचाही. फेसाचंही तेच. साबणासारखी द्रव्यं असलेलं पाणी बंधाऱ्यावरून पडलं की फेस होतो. ती द्रव्यं घरच्या डिटर्जंटमधून येतात, तशी कारखान्यातल्या धुलाईतूनही. फेसाचा फोटो म्हणजे स्रोताचा पुरावा नव्हे.

मग स्रोत ओळखायचा कसा? अमोनिया आणि विष्ठेतले कोलिफॉर्म जिवाणू मैलापाण्याकडे बोट दाखवतात. क्रोमियम, निकेल, जस्त हे प्लेटिंगसारख्या कामांकडे. शिवाय आपल्या पट्ट्यात एक आयती संधी आहे. इथल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, घरांना नसते. एकाच नाल्याचं पाणी बुधवारी आणि गुरुवारी, त्याच वेळांना, काही आठवडे घेत राहा. गुरुवारी धातू उतरले आणि अमोनिया तसाच राहिला, तर 'औद्योगिक' म्हणायला तुमच्याकडे काहीतरी आधार आला.

तिसरी: खडकाचा विसर. गाळातले धातू मोजणारे बरेच जण तुलनेला जगातल्या सरासरी शेलचे आकडे घेतात. त्यात तांबं 45 पीपीएम आहे. आपण उभे आहोत दख्खनच्या बेसॉल्टवर, आणि त्यात तांबं सहज शंभर पीपीएमच्या पुढे जातं. समजा, तुमच्या गाळात 130 पीपीएम तांबं मिळालं. भूसंचय निर्देशांकात पार्श्वभूमी 45 धरली तर उत्तर 0.9 च्या आसपास येतं, म्हणजे प्रदूषणाची सुरुवात. मावळातल्या वरच्या ओढ्याच्या गाळात 120 मिळालं आणि ते धरलं, तर उत्तर शून्याच्या खाली, म्हणजे प्रदूषण नाही. नमुना तोच, आकडा तोच. पहिल्या हिशेबात आपण सह्याद्रीलाच कारखाना ठरवून बसलो.

हे प्रबंध टाकाऊ आहेत असं समजू नका. टायट्रेशनचा हात त्यातूनच बसतो, आणि एकाच घाटावरची वर्षावर्षाची रिडिंग पुढे कुणाच्या तरी उपयोगी पडतात. तक्रार आहे ती निष्कर्षाच्या वाक्याबद्दल, कारण ते वाक्य प्रबंधात राहत नाही. ते बातमीत जातं, अर्जात जातं. मैलापाण्याचा प्रश्न असताना बोट कारखान्यांकडे गेलं तर मैलाशुद्धीकरणाचा प्रश्न मागे पडतो. उलट झालं तर धातू सोडणारा एखादा नाला सुटतो. दोन्ही वेळा खालच्या गावांना तेच पाणी मिळतं.

तेव्हा सिनॉप्सिस लिहिताना प्रश्न लहान घ्या. अख्खी नदी नको, एक नाला पुरे. तो नदीला मिळतो त्याच्या आधी, नाल्यात, आणि नीट मिसळल्यावर खाली अशी तीन ठिकाणं. प्रवाहासाठी महागडं यंत्र नसेल तर पात्राची रुंदी-खोली मोजा, तरंगणारी वस्तू सोडून वेग काढा आणि त्याला 0.85 ने गुणा. अंदाज ढोबळ असेल, पण रकाना रिकामा राहणार नाही. चाकणवर काम करणार असाल तर आधी उताराचा नकाशा बघा. चाकण इंद्रायणी आणि भामेच्या मधे आहे, त्यामुळे तुमच्या कारखान्याचा ओढा कुठल्या नदीकडे उतरतो हे ठरल्याशिवाय बाटली भरू नका.

आणि निष्कर्षाचं वाक्य लिहून झालं की त्यातल्या प्रत्येक नामाखाली पेन्सिलने तक्त्याचा नंबर लिहा. ज्या शब्दाखाली नंबर येत नाही तो खोडा. गाईडने विचारलं तर हेच कारण सांगा.