सामान्य माणसाचे आडनाव

आमच्या तालुक्याच्या कॉलेजात सत्रातून दोन-तीनदा मुलांना एखादा चित्रपट दाखवायचा आणि नंतर त्यावर तासभर बोलायचे, असा एक पायंडा मी पाडला आहे. गेल्या खेपेस मुलांच्या आग्रहावरून 'अ वेनस्डे' दाखवला. नीरज पांडे यांचा हा पहिला चित्रपट, २००८ सालचा. गाणी नाहीत, नाच नाही, थोड्या पैशात आणि थोड्या जागांत उरकलेला. मुंबईतल्या एका बुधवारच्या दुपारी दोन ते सहा एवढ्या वेळात सगळे घडते. एक 'सामान्य माणूस' गच्चीवरून पोलीस आयुक्तांना फोन करतो, शहरात बाँब ठेवल्याचे सांगतो, चार अतिरेक्यांची सुटका मागतो, आणि ते एका ठिकाणी आणले गेल्यावर त्यांना सोडवण्याऐवजी उडवून देतो. शेवटी मुलांनी टाळ्या वाजवल्या. चर्चेत मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. वर्षभरात तोंड न उघडलेली. म्हणाली, "सर, ह्या माणसाचं आडनाव काय असेल?" वर्ग हसला. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न मला सोडीना.

कारण ह्या चित्रपटात आडनावांना तोटा नाही. आयुक्त राठोड आहेत. (हे आडनाव आमच्याकडे तांड्यावरही सापडते आणि राजपुतांतही, चित्रपटाला ह्याची खबर नसावी.) त्यांचे अधिकारी खान आणि सिंग आहेत. ज्यांना मारायचे त्या चौघांची नावे तर पुन्हा पुन्हा, पूर्ण घेतली जातात. नाव नाही ते फक्त नायकाला. शेवटी तो आयुक्तांना नाव सांगतो, पण आपल्याला ऐकू येत नाही. आयुक्तांचा खुलासा असा की माणसे नावात धर्म शोधतात, म्हणून ते आपण सांगणार नाही. प्रेक्षकाला ही गोष्ट फार उदात्त वाटते. मला विचाराल तर ह्या देशात नाव लपवून 'माणूस' होण्याची सोय सर्वांना नाही. जो नाव सांगत नाही त्याला कोणी विचारत नाही, ही सवलत ज्याला जन्मतः मिळाली आहे तोच नि:शंकपणे निनावी राहू शकतो. मी पहिल्यांदा ह्या गावी खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकाने पगार विचारला नाही, आडनाव विचारले. एका आडनावाने समाधान झाले नाही म्हणून गाव विचारले, आणि गावावरून भागेना तेव्हा 'गावात कुठल्या बाजूला' असे विचारले. दुसऱ्या वर्षी ह्याच चित्रपटावरून तमिळमध्ये कमल हासन यांचा 'उन्नैपोल ओरुवन' निघाला. त्या नावाचा अर्थ 'तुझ्यासारखाच एक'. कोणासारखा?

त्या माणसाच्या लांबलचक भाषणात एक दृष्टान्त येतो. घरात झुरळ शिरले तर आपण ते पाळत नाही, मारतो. हे लोक माझ्या घरात घाण करीत आहेत आणि आज मी घर साफ करतो आहे, असा त्याचा मथितार्थ. ह्या जागी माझ्या वर्गात शिट्ट्या पडल्या. शिट्टी मारणाऱ्यांत ज्याची आई नगरपालिकेत झाडूवर आहे असाही एक मुलगा होता. मला त्याला दोष द्यायचा नाही. चित्रपटाची पकडच तशी आहे, आणि नसीरुद्दीन शाह यांच्यासारखा नट ते बोलत असला की माझेही अंग शहारते. पण 'सफाई' ह्या शब्दाचा ह्या देशातला इतिहास काय आहे? ज्यांनी प्रत्यक्ष घाण उपसली त्यांनाच घाण ठरवले गेले, आणि ज्यांनी कधी खराटा धरला नाही ते स्वच्छतेची भाषा बोलत राहिले. माणसाला आधी झुरळ म्हणायचे, मग मारायचे आणि त्याला साफसफाई म्हणायचे, हा क्रम आमच्या लोकांनी पडद्यावर पाहण्याच्या कितीतरी आधी गावात पाहिला आहे. पडद्यावर तो पाहताना आपण मारणाऱ्याच्या बाजूला बसलेले असतो, एवढाच फरक. तिकिटाच्या पैशात दोन तास ती जागा मिळते. तिचा मोह मोठा आहे.

शिवाय हा माणूस न्याय स्वत: करतो असे म्हणतात तेही खरे नाही. तिघे बाँबने मरतात. चौथा उरतो, त्याला पोलीसच मारतात आणि ते स्वसंरक्षण होते असा देखावा उभा करतात. म्हणजे सामान्य माणसाने वाट दाखवायची आणि राज्यसंस्थेने त्या वाटेने जायचे. जो कायद्याविरुद्ध उभा राहिला असे वाटते, त्याच्या पाठीशी आयुक्तच उभे आहेत. आमच्या कोणी गच्चीवरून असा फोन केला असता तर आयुक्तांनी शेवटी त्याच्याकडे अशा समजूतदार नजरेने पाहिले असते काय?

ही चर्चा मी पडद्यापुरती करीत नाही. ६ डिसेंबर २०१९ रोजी मी चैत्यभूमीवर होतो. त्या दिवशी पहाटे हैदराबादजवळ एका भयंकर बलात्कार-खून प्रकरणातले चार संशयित पोलिसांच्या गोळीबारात मेले. लॉरीवर काम करणारी गरीब पोरे होती. खटला उभाच राहिला नव्हता. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. परतीच्या गाडीत, निळे झेंडे हातात असलेली, माझ्याच वयाची आणि माझ्याच वस्तीतली शोभावीत अशी मुले मोबाइलवर ती दृश्ये पाहून "बरं झालं, ठोकलं" म्हणत होती. ज्याने देशाला राज्यघटना दिली त्याच्या महापरिनिर्वाणदिनी! मी काही बोललो नाही, ह्याची लाज मला आजही आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये सांगितले की पोलिसांनी मारण्याच्या हेतूनेच गोळ्या घातल्या होत्या. त्या अहवालावर कोणी फुले उधळल्याचे ऐकिवात नाही.

'अ वेनस्डे'चा माणूस ११ जुलै २००६ च्या मुंबईच्या लोकलमधील स्फोटांनी पेटलेला आहे. त्याचे दु:ख खोटे नाही. रोज गाडीत दिसणारा एक तरुण एके दिवशी दिसेनासा होतो, हा तपशील मनाला चटका लावतो. पण त्याच्या मनात त्या चौघांच्या अपराधाविषयी शंका नाही, आणि आपल्या मनातही दिग्दर्शक ती येऊ देत नाही. प्रत्यक्षात त्या स्फोटांच्या खटल्यात २०१५ साली बारा जण दोषी ठरले, पाच जणांना फाशी झाली, आणि २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात घातले नाही. बारांपैकी एक जण तर २०२१ मध्येच तुरुंगात असताना वारला होता. ह्या लोकांची गाठ गच्चीवरच्या माणसाशी पडली असती तर निकालाची वाट पाहायला कोणी उरले असते काय?

आणखी एक योग पाहा. चित्रपट ५ सप्टेंबर २००८ रोजी झळकला. त्याच महिन्यात भंडाऱ्याच्या न्यायालयाने खैरलांजीचा निकाल दिला. २९ सप्टेंबर २००६ रोजी तिथे भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना जमावाने ठार केले होते. जमाव कोणाचा? गावकऱ्यांचा, शेतकऱ्यांचा, म्हणजे सामान्य माणसांचाच. त्यांनाही आपण गावाचा न्यायच करीत आहोत असे वाटत होते. न्यायालयाने सहा जणांना फाशी दिली, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असे म्हटले. म्हणजे मेलेले मेले, पण त्यांच्या मरणाला जात नव्हती. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची २५ वर्षांची कैद केली. भैयालाल भोतमांगे २०१७ मध्ये वारले. सप्टेंबर २००८ मध्ये एक निनावी माणूस देशाचा नायक झाला आणि एका कुटुंबाच्या हत्येतून जातीचे नाव वगळले गेले. ह्या दोन गोष्टी मला आता वेगवेगळ्या आठवत नाहीत.

'कायदा हातात घेणे' असा आपल्याकडे शब्दप्रयोग आहे. ह्या चित्रपटांचा नायक कायदा हातात घेतो, कारण एके काळी तो त्याच्या उपयोगी पडत होता आणि आता पडत नाही. त्याची तक्रार नळाला पाणी न आलेल्या माणसाची आहे. आमचा झगडा पाणवठ्यावर जाण्याचा आहे. माझ्या वडिलांना बांधावरून मारहाण झाली तेव्हा ते ठाण्याच्या पायरीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसले होते. दिवे लागल्यावर त्यांना आत बोलावले, आणि तक्रार लिहायला कागदाचा दस्ता घेऊन या म्हणून सांगितले. ते दस्ता घेऊन गेले. चारदा गेले. मी तेव्हा सातवीत होतो. "बाबा, आपण त्याला मारू," असे मी म्हणालो, तेव्हा ते म्हणाले, "मारून आपल्याला कुठं पळता येणार हाय?" ह्या एका वाक्यात सूडपटांची सारी समीक्षा आहे. पळायला जागा असेल, तरच सूडाची कथा दोन तास चालते.

म्हणूनच महाडला १९२७ साली परतणाऱ्या सत्याग्रहींवर हल्ला झाला तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या माणसांना आवरले, आणि तळ्याचा दावा दहा वर्षे लढवून १९३७ मध्ये उच्च न्यायालयात जिंकला. ह्याला कोणी भित्रेपणा म्हणू नये. संविधान सभेतल्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी रक्तरंजित मार्ग सोडण्यास सांगितले, तेव्हा घटनात्मक मार्गच खुले नव्हते त्या काळाचा अपवादही मान्य केला. आज अडचण अशी की मार्ग कागदावर खुला असतो आणि ठाण्याच्या पायरीवर बंद असतो.

ह्या अडचणीचा चित्रपट आपल्याकडे ह्याच्या किती आधी झाला होता! १९८० चा 'आक्रोश'. गोविंद निहलानींचा तोही पहिलाच, तोही कमी खर्चातला. लेखन विजय तेंडुलकरांचे. गंमत अशी की इथेही नसीरुद्दीन शाह आहेत, भास्कर कुलकर्णी नावाच्या तरुण वकिलाच्या भूमिकेत. इथे त्यांना आडनाव आहे. त्यांचा अशील लहान्या भिकू हा आदिवासी. बायकोच्या खुनाचा आरोप त्याच्यावर ठेवला आहे, आणि खरे गुन्हेगार गावचे प्रतिष्ठित आहेत. ओम पुरी सबंध चित्रपटभर बोलत नाहीत. गच्चीवरच्या माणसाला आयुक्त कान देऊन ऐकतात. लहान्याला ठाऊक आहे की ऐकणारा कोणी नाही. शेवटी बापाच्या चितेपाशी तो कुऱ्हाड उचलतो, आणि ती पडते त्याच्या स्वत:च्या बहिणीवर, बायकोचे झाले ते तिचे होऊ नये म्हणून. तेंडुलकरांवर आपल्या लोकांचे आक्षेप आहेत, माझेही आहेत. दबलेल्या माणसाला ते मुके करून ठेवतात असे मला अनेकदा वाटते. पण कुऱ्हाड शत्रूपर्यंत का पोचत नाही, हे त्यांनी ओळखले होते.

त्या चित्रपटात मला सर्वांत जास्त छळतो तो मात्र लहान्या नव्हे. तो सरकारी वकील दुसाने, अमरीश पुरींनी केलेला. तोही आदिवासी. शिकून वर आलेला, प्रतिष्ठितांच्या बैठकीत बसणारा, आणि रात्री निनावी फोनवर जातीवरून शिव्या खाणारा. फोन ठेवून तो जसा गप्प होतो तसा मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये अनेकदा गप्प झालो आहे. निनावी सामान्य माणसाची फोनवरची दुसरी बाजू ती ही.

मग आमच्या लोकांनी कधी पलटून वार केला नाही काय? केला. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबानगरच्या बायकांनी अक्कू यादव ह्या गुंडाला भर कोर्टात मारले. मिरचीपूड आणि घरातले सुरे घेऊन. त्यांत अनेक जणी दलित होत्या. वर्षानुवर्षे बलात्कार आणि दहशत सोसून, ठाण्यातून हात हलवत परतून त्या तिथवर पोचल्या होत्या. पाच जणींना धरले तेव्हा शेकडो जणी पुढे आल्या आणि आम्हालाही धरा म्हणाल्या. २०२१ मध्ये ह्यावर सार्थक दासगुप्तांचा '२०० हल्ला हो' आला. रिंकू राजगुरू आणि अमोल पालेकर त्यात आहेत. जात उघडपणे उच्चारणारा असा चित्रपट हिंदीत दुर्मीळ, म्हणून मी त्याचे स्वागत करतो. पण वस्तीतल्या बायकांपेक्षा एका निवृत्त दलित न्यायाधीशाच्या मनातल्या उलघालीवर कॅमेरा अधिक रेंगाळतो, आणि बायका पुन्हा गर्दी होतात. दुसाने आणि मी, आमचीच कथा आम्हाला पुन्हा मिळाली.

त्या बायकांचे मी समर्थन करतो काय, असे मुलांनी मला विचारले. मी म्हणालो, मला त्यांचा निषेध करता येत नाही. हे उत्तर नव्हे, हे मला कळते. हैदराबादच्या चौघांसाठी जो खटला मी मागतो तो अक्कू यादवसाठीही मागायला हवा, हेही कळते. पण तिथल्या खटल्याचा शेवट मुलांना सांगितल्यावाचून मला राहवले नाही. २०१४ मध्ये पुराव्याअभावी सगळे आरोपी सुटले. भर दुपारी, न्यायालयात, एवढ्या गर्दीत घडलेला खून, आणि दोष सिद्ध होईल असा पुरावा नाही. आमच्या खटल्यांत साक्षीदार फितूर होतात, कोणी काही पाहिलेले नसते. ते वाक्य ऐकतच आम्ही वाढलो. ह्या एका वेळी ते आमच्या बाजूने पडले.

मागच्या बाकावरची ती मुलगी त्यावर हसली नाही. तिने विचारले, "मग सर, त्या बायकांची आडनावं कागदावर कोणी लिहिली होती?"