दुबईत तुम्हाला दोनदा मोजतात

स्लाऊहून ८१ नंबरची बस कोलनब्रुकवरून हाउन्स्लोला जाते. वाटेत हीथ्रोच्या उत्तरेची हद्द लागते. तुम्ही या भागात राहत असाल तर हा रस्ता तुमच्या पायाखालचा असेल. वरून विमान जातं आणि फोनवर बोलणारा माणूस वाक्य अर्धवट सोडून थांबतो. विमान गेलं की वाक्य पुढे सुरू होतं. इकडे राहणाऱ्यांना आपण असं थांबतो हेही कळत नाही. ते कळतं भारतातून व्हिडिओ कॉलवर असलेल्या आजीला. "काय गं, आवाज गेला का?" असं तीच विचारते.

आणि त्याच भारतातून, फॅमिली ग्रुपवर, वर्षातून एकदा तरी ती यादी येतेच. 'जगातले दहा सर्वांत मोठे विमानतळ.' सोबत ड्रोनने काढलेले फोटो, चकचकीत टर्मिनल, आणि खाली कुणा मामाचा प्रश्न: "तुमचं हीथ्रो कितव्या नंबरवर?"

आज आपण या यादीचंच परीक्षण करू. पुस्तकाचं किंवा सिनेमाचं करतो, तसंच. कारण यादी हाही लेखनाचा एक प्रकार आहे. काय सांगायचं आणि काय गाळायचं हे तिथेही कुणीतरी ठरवलेलं असतं. फक्त समोर आकडे असल्यामुळे आपल्याला ते जाणवत नाही.

पहिली अडचण 'मोठा' या शब्दाची. क्षेत्रफळाने बघितलं तर सौदी अरेबियातल्या दम्मामचा किंग फहद विमानतळ पहिला. त्याची जागा सुमारे ७७६ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतच्या अख्ख्या मुंबईपेक्षा जास्त. पण तिथले प्रवासी हीथ्रोच्या पाव भागाहूनही कमी. एकूण प्रवासी मोजले तर अमेरिकेतलं अटलांटा पहिलं. २०२४ मध्ये तिथे सुमारे १०.८ कोटी प्रवासी मोजले गेले. फक्त आंतरराष्ट्रीय प्रवासी घेतले तर दुबई पहिलं, सुमारे ९.२ कोटी. हीथ्रो त्या वर्षी एकूण प्रवाशांत पाचवं होतं, सुमारे ८.४ कोटी. त्याची जागा मात्र जेमतेम सव्वाबारा चौरस किलोमीटर आणि धावपट्ट्या दोनच.

म्हणजे मामाच्या प्रश्नाला तीन उत्तरं आहेत, कारण प्रश्नही तीन आहेत. सरकारच्या नावावर जमीन किती? विमान कंपन्यांची गिऱ्हाइकं किती? सीमा ओलांडणारे किती? यादी यातला एक प्रश्न गुपचूप निवडते आणि त्याचं उत्तर 'मोठा' म्हणून आपल्या हातात ठेवते.

दुसरी अडचण जास्त गमतीची आहे. 'प्रवासी' म्हणजे नक्की कोण? समजा तुम्ही दिवाळीला घरी जाऊन परत येताय. थेट विमानाने आलात तर मुंबईत तुमची नोंद एकदा, निघताना. हीथ्रोवर एकदा, उतरताना. पण तिकीट स्वस्त मिळालं म्हणून तुम्ही दुबईवरून आलात, तर दुबईत तुमची नोंद दोनदा होते. एकदा उतरणारा प्रवासी म्हणून आणि एकदा चढणारा म्हणून. तुम्ही दुबई पाहिलेली नसते. पाहिलेली असते ती फक्त गेट क्रमांकांची पाटी आणि पहाटे चारला महागडी कॉफी. तरी दुबईच्या आकड्यात तुम्ही दोन माणसं असता, आणि लंडनच्या आकड्यात, जिथे तुमचं घर आहे, एकच. अटलांटाचंही असंच. ते डेल्टा कंपनीचं मुख्य केंद्र असल्यामुळे तिथे विमान बदलणारे खूप. या पद्धतीत लबाडी नाही, जगभर असंच मोजतात. विमानतळाला दोन्ही वेळी काम पडतं, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण आपण तो आकडा वाचतो तेव्हा 'इतकी माणसं तिथे गेली' असं वाचतो. तसं ते नसतं.

इथपर्यंतची टीका तशी सोपी आहे. यादीचा खरा दोष वेगळा वाटतो मला. मर्यादा नावाची गोष्ट तिला वाचताच येत नाही.

हीथ्रोचंच उदाहरण घ्या. इथे वर्षाला जास्तीत जास्त ४ लाख ८० हजार विमानं ये-जा करू शकतात. हा आकडा धावपट्टीच्या डांबरातून आलेला नाही. टर्मिनल ५ बांधायचं ठरलं तेव्हा त्यावर १९९५ ते १९९९ अशी जवळजवळ चार वर्षं सार्वजनिक चौकशी चालली. आसपासच्या लोकांनी, नगरपालिकांनी तिथे जाऊन आपलं म्हणणं मांडलं. २००१ मध्ये परवानगी मिळाली, ती या मर्यादेच्या अटीवर. शिवाय रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या वेळेत वर्षाला ५,८०० विमानंच चालतात. आणि पश्चिमेचा वारा असतो तेव्हा उतरण्याची धावपट्टी दुपारी तीनला बदलतात, म्हणजे एका वस्तीला सकाळी आवाज असेल तर दुपारनंतर शांतता. यादीत हे कुठे दिसतं? कुठेच नाही. तिथे हीथ्रो फक्त 'मागे पडलेलं' दिसतं. शेजाऱ्यांच्या झोपेसाठी घेतलेली माघार आणि हरून घेतलेली माघार, दोन्ही तिथे सारखीच.

गंमत म्हणजे मर्यादा असूनही प्रवासी थांबलेले नाहीत. २००० साली हीथ्रोवर सुमारे साडेसहा कोटी प्रवासी होते, आज ८.४ कोटी आहेत, आणि विमानांची संख्या जवळपास तेवढीच. मोठी विमानं आली, रिकाम्या जागा कमी झाल्या. म्हणजे वाढायचं तर पसरावंच लागतं असं काही नाही.

यावरून इंग्लंड फार न्यायी वगैरे निष्कर्ष काढू नका. हीथ्रो हे मुळात एका छोट्या वस्तीचं नाव आहे, हीथ रो. चांगल्या मातीची, भाजीपाल्याच्या मळ्यांची जागा. १९४४ मध्ये युद्धकाळातले खास अधिकार वापरून सरकारने ती ताब्यात घेतली आणि वस्ती पाडली. कारण सांगितलं लष्करी गरजेचं. त्या वेळच्या हवाई मंत्रालयातले मंत्री हॅरॉल्ड बॅल्फर यांनी १९७३ च्या आत्मचरित्रात कबूल केलं की मनात नागरी विमानतळच होता. युद्धाचं कारण पुढे केलं की चौकशी टळते, म्हणून ते पुढे केलं. जी चौकशी १९४४ ला टाळली, तीच पन्नास वर्षांनी चार वर्षं चालली. मधल्या काळात लोक विचारायला शिकले, एवढाच फरक.

आता पनवेलला जाऊ, कारण तिथे आपल्या भाषेत हीच गोष्ट घडली आहे. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं आणि २५ डिसेंबरला पहिली प्रवासी विमानं उडाली. जागा ११६० हेक्टर. हीथ्रो १२२७ हेक्टर. हीथ्रोवर दोन धावपट्ट्या, नवी मुंबईच्या आराखड्यातही दोनच. नवी मुंबईचं अंतिम उद्दिष्ट वर्षाला ९ कोटी प्रवाशांचं आहे. म्हणजे कागदावर हा हीथ्रोचा जुळा भाऊच. तुम्ही पुढच्या काही वर्षांत घरी जाल तेव्हा कदाचित तिथेच उतराल.

त्या जागेसाठी उलवे टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला आणि दहा गावं उठवली. तरघर, कोंबडभुजे, चिंचपाडा, कोल्ही, कोपर ही त्यांतली काही. बहुतेक वस्ती आगरी, कोळी, कराडी. या लोकांना साडेबावीस टक्के विकसित भूखंडाचं पॅकेज मिळालं. ते कुणी आपणहून दिलेलं नाही. त्याच्यामागे साडेबारा टक्क्यांची जुनी लढाई आहे. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील. २०२१ मध्ये विमानतळाला त्यांचं नाव द्या म्हणून हजारो लोक रस्त्यावर उतरले. तेव्हा परदेशातल्या आपल्या ग्रुपांवर अनेकांनी "नावात काय आहे?" असं विचारलं होतं. त्यात हे होतं: क्षेत्रफळाच्या रकान्यात फक्त '११६०' येतं, ते हेक्टर कुणाचे होते हे येत नाही. ती नोंद करायला लोकांकडे नावाशिवाय दुसरी जागा उरली नव्हती.

हे सगळं आज सांगायचं कारण असं की स्लाऊच्या शेजारी पुन्हा मोजणी सुरू आहे. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने तिसऱ्या धावपट्टीला पाठिंबा दिला. विमानतळाच्या प्रस्तावात वर्षाला २ लाख ७६ हजार जादा विमानं आणि एकूण १५ कोटी प्रवासी आहेत. हार्मंड्सवर्थ, लाँगफर्ड आणि सिप्सन या गावांवर घाला येतो. स्लाऊच्या हद्दीतल्या कोलनब्रुकमध्ये कचरा जाळून वीज बनवणारा प्रकल्प आहे, तोही या धावपट्टीच्या आड येतो. हे सगळं झालं तर हीथ्रो यादीत वर चढेल, आणि फॅमिली ग्रुपवर अभिनंदनाचे अंगठे येतील.

मी तुम्हाला 'विरोध करा' असं सांगत नाहीये. स्लाऊतल्या कितीतरी घरांची चूल विमानतळावर पेटते. सामान चढवणारे, जेवण भरणारे, सुरक्षा तपासणारे, टॅक्सीवाले. आणि आपण सगळे वर्षातून एकदा तरी त्याच विमानाने घरी जातो. आईची तब्येत बिघडली की रात्रीत मुंबई गाठता येते, ही काही छोटी गोष्ट नाही. तिसरी धावपट्टी हवी असं म्हणणाऱ्याकडे चांगली कारणं आहेत. फक्त 'आपण यादीत मागे पडतोय' हे त्यातलं नाही. नेमकं तेच कारण सगळ्यांत जास्त ऐकू येतं, कारण ते एका ओळीत बसतं.

तेव्हा पुढच्या वेळी मामाने विचारलं, "हीथ्रो कितव्या नंबरवर?", तर नंबर सांगा. मग त्याला विचारा की दुबईवरून आला होतास तेव्हा तुला कितीदा मोजलं असेल. त्याला मजा वाटेल. नंतर त्याच्या ओळखीत तरघर-कोंबडभुजेचं कुणी आहे का तेही विचारा. आणि धावपट्टीबद्दल लोकांची मतं मागवली जातील तेव्हा तो फॉर्म भरा. हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण तुमच्या रस्त्यावर आज किती वाजता शांतता असते हे त्यात लिहा. ते तुमच्याशिवाय दुसरं कुणी मोजणार नाही.