स्वगत आणि सगोत्र : केनन यांची एक रचना

केंट केनन (१९१३–२००३) या अमेरिकन रचनाकाराचे ‘नाइट सोलिलक्वी’ (१९३६) हे मूळचे पाश्चात्त्य बासरी, तंतुवाद्ये व पियानो यांसाठी लिहिलेले स्वगत होय. पुढे ते वायुवाद्यवृंदासाठीही सिद्ध झाले. हे रूपांतर निव्वळ सोयीचे म्हणून सोडून देता येत नाही. भाषेप्रमाणे संगीतातही ध्वनीचे मूल्य भेदावर ठरते. मूळ कृतीत श्वासावर चालणारी वाणी एकट्या बासरीची होती. वायुवृंदात तिच्याभोवती क्लॅरिनेटादी सगोत्र वाद्ये येतात. त्यामुळे भेद उणावतो व एकल स्वराचा उठाव मंदावतो, हे मान्य केले पाहिजे. तथापि स्वगताचा अर्थ येथे अधिक गहिरा होतो, असे आमचे मत आहे. तेथे तिची भाषा जाणणारे कोणी नव्हते. येथे ते आहेत, आणि तरीही ती स्वतःशीच बोलते.