पूर्वकथा किती सांगावी?

माउलीहो, कीर्तनात आख्यान लागले की श्रोत्याच्या मनात पहिला प्रश्न येतो, ‘हे असे का झाले?’ त्या ‘का’चे उत्तर म्हणजे पूर्वकथा. ती सांगावी लागतेच. पण कोणती सांगावी आणि किती सांगावी, हा विवेक अलीकडे सुटत चालला आहे. म्हणून हे चार शब्द.

पुंडलिकाचे आख्यान घ्या. देव दारी आला आणि याने वीट फेकली. एवढेच सांगितले तर ऐकणाऱ्या पोराला तो उद्धटपणा वाटेल. आईबापांना छळणारा, काशीच्या वाटेवर त्यांची आबाळ करणारा पुंडलिक आधी दिसला पाहिजे. कुक्कुटस्वामींच्या आश्रमात मळक्या वस्त्रांनी येऊन उजळून जाणाऱ्या गंगा, यमुना, सरस्वती त्याला भेटल्या पाहिजेत. मग वीट उमगते. ज्याने एकदा आईबापांना दुखवले, तो आता देवासाठीही त्यांचे पाय सोडत नाही. इथे पूर्वकथेने आपले काम केले.

पण काही जण पुढे विटेचीही पूर्वकथा लावतात. वीट म्हणजे शापित इंद्र. मग तो शाप, शापाचे कारण, त्या कारणाचे कारण. तासभर श्रोते इंद्रलोकात आणि पुंडलिकाचे म्हातारे आईबाप मंडपाबाहेर! विटेचा महिमा वाढला असेल, सेवेचा मात्र झाकला गेला.

तुकोबांच्या चरित्राचे तर फारच होते. ताहराबादच्या महिपतिबुवांनी १७६२ साली ‘भक्तविजय’ पुरा केला, पुढे १७७४ साली ‘भक्तलीलामृत’. त्यांचे आपल्यावर थोर उपकार आहेत. उद्धव तेच नामदेव आणि नामदेव तेच तुकोबा, ही अवतारमालिका त्यांनी गायिली. पण दुष्काळ, दिवाळे आणि इंद्रायणीत सोडलेली कर्जखतेही त्यांनीच सांगितली. आजचे निरूपणकार अवतार उचलतात आणि दिवाळे दोन वाक्यांत उरकतात.

अवतार मानण्यास माझी हरकत नाही. पण फक्त तेवढेच सांगितले तर श्रोता मनात म्हणतो, ‘ते अवतारी पुरुष, त्यांना जमले, आपण संसारी.’ आणि पाया पडून घरी जातो. १६३०च्या सुमाराच्या दुष्काळात धंदा बुडाला, पहिली पत्नी अन्नावाचून गेली, चारचौघांत लाज गेली. हे ऐकल्यावर मंडपातला कर्जात बुडालेला माणूस मान वर करतो. नोकरी गेलेला, जमीन गेलेला पुढे सरकून बसतो. त्याला वाट दिसते.

माप कोणाचे घ्यावे? तुकोबांचेच. स्वतःची पूर्वकथा त्यांनी एका अभंगात सांगितली आहे, तीही संकोचाने, संतांनी विचारले म्हणून. त्यात जात, धंदा, दुष्काळ, मोडक्या देवळाचा जीर्णोद्धार, संतवचनांचे पाठांतर एवढे येते. दुःखाचे भांडवल नाही, थोरवीचा गाजावाजा नाही.

आमच्या खोपोलीत टाटांचे वीजघर १९१५ साली सुरू झाले. पाणी वर घाटमाथ्यावर लोणावळ्याकडच्या तलावांत साठते, नळांतून खाली येते, चक्र फिरवते आणि मग पाताळगंगेला मिळते. खालच्या माणसाला तलाव दिसत नाही, पण दिवा त्याच्याच जोरावर लागतो. पूर्वकथा अशी असावी. सगळा तलावच मंडपात सोडला तर दिवा लागायचा नाही, श्रोते वाहून जातील.

तेव्हा माउलीहो, कीर्तनाहून परतताना आपल्या मनाला एवढेच विचारा: आज जी मागची कथा ऐकली, तिने संतांचे पाऊल आपल्या पावलाजवळ आणले, की आणखी दूर नेले? जवळ आणले असेल तर बुवांना नमस्कार करा. दूर नेले असेल तरी नमस्कार करा, पण पुढच्या वेळी नम्रपणे म्हणा, ‘महाराज, आज तुकोबांचे दुकान कसे बुडाले ते सांगा.’

राम कृष्ण हरी.