तटस्थ रंग कुणाचा?

लिंगनिरपेक्ष फॅशनच्या नावाखाली गेल्या दहा वर्षांत दुकानांत जे आलं, त्यात राखाडी, काळा, मातकट आणि विटका पांढरा यांपलीकडे फारसं काही नाही. २०१६मध्ये झारानं ‘अनजेंडर्ड’ म्हणून ढगळ स्वेटशर्ट आणि जीन्स आणल्या; बहुतेकांनी पुढे तोच कित्ता गिरवला. घागरा नेसलेले नट छायाचित्रापुरते ठीक. ‘बोबो कलकत्ता’सारखी रंगाला न भिणारी नाममुद्रा विरळाच. या बेरंगीपणाला तटस्थ म्हणतात, याचीच मला चीड आहे. हा कचेरीत जाणाऱ्या पुरुषाचा पोशाख आहे. तो बाईच्या अंगावर चढला, पुरुषाला मात्र काहीच बदलावं लागलं नाही.

आपल्याकडचा पुरुष इतका बेरंगी कधी नव्हता. टिळकांची पगडी लाल, पूजेचा पितांबर पिवळा. वाशीम जिल्ह्यातल्या मेडशी-मालेगावच्या बाजूला लग्नात गुलाबी फेटा बांधून घेताना कुणाच्या मर्दपणाला धक्का लागत नाही. गुलाबी मुलीचा आणि निळा मुलाचा ही वाटणी बाहेरून आली, आणि तिथेही ती जुनी नाही: १९१८च्या एका अमेरिकी व्यापारी मासिकानं गुलाबी हा मुलग्यांचा रंग ठरवला होता. रंगाला समूहानं अर्थ दिला, की तो दोघांचाही होतो. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षेसाठी लोक पांढऱ्या कपड्यांत जमले. बाईच्या अंगावरचं पांढरं वस्त्र ज्या समाजात वैधव्याची खूण मानलं जाई, तिथे लग्न झालेल्या बायकांनी ते नवऱ्याच्या बरोबरीनं नेसलं, आणि त्या रंगाचा अर्थच बदलला. पुढे आंबेडकरी चळवळीचा निळाही असाच साऱ्यांचा झाला. नवरात्रातले नऊ रंग वृत्तपत्रानं रुजवले म्हणून नाकं मुरडली जातात. पण त्या दिवसांत बँकेत साडी आणि शर्ट एकाच रंगात दिसतात, ही लहान गोष्ट नाही. हे राजकारण आणि सणवार झाले, यात फॅशन कुठे, असं कुणी विचारील. पण मातकट रंगाला ‘सर्वांचा’ हा अर्थही कुणीतरी दिलेलाच आहे, तो जाहिरातीनं दिला एवढंच.

अधिक गंभीर आक्षेप असा, की रंगांनीच बाईला जखडलं, तेव्हा रंगच काढून टाकलेला बरा. जखडलं हे खरं. हिरवा चुडा आणि लाल कुंकू सवाष्णीचं. नवरा गेला की दोन्ही गेलं, आणि ब्राह्मण विधवेच्या वाट्याला लाल आलवण आलं. विधुराला मात्र एकही रंग सोडावा लागला नाही. म्हणजे जाच रंगाचा नव्हता, रंग देण्याचा आणि हिसकावण्याचा हक्क दुसऱ्याच्या हाती होता याचा होता. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य सरकारनं त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. रंग आणि लिंगभाव यांबद्दल कुठल्याही फॅशन वीकपेक्षा या ठरावानं जास्त काही सांगितलं आहे. ज्या बाईच्या हातातली हिरवी बांगडी फोडली गेली, तिला राखाडी स्वेटशर्ट देऊन काय साधणार? तिचा रंग तर आधीच काढून घेतलेला आहे. लिंगनिरपेक्ष म्हणवणाऱ्या दुकानानं चुड्याचा हिरवा आणि कुंकवाचा लाल मांडावा, पुरुषाच्या सदऱ्यातही मांडावा, आणि विधवेलाही तोच आग्रहानं दाखवावा.